चोक ओढल्याशिवाय गाडी चालत नाही? मग चोकला हात सगळ्यात शेवटी लावा

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका गृहस्थांकडे वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे. डिसेंबरपासून चोकचा, म्हणजे थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल देणाऱ्या सोयीचा, नॉब अर्धा ओढून ठेवल्याशिवाय ती चालत नाही. इंजिन चांगलं तापल्यावरही नॉब आत ढकलला की सिग्नलला बंद पडते, आणि ओढून ठेवला तर मागून काळा धूर निघतो, अ‍ॅव्हरेज पार उतरतो. एका मिस्त्रीने चोकची वायर 'टाईट' करून दिली, त्याने काही झालं नाही. दुसरा म्हणतो नवा कार्ब, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बुरेटर, टाका. त्यांना विचारायचं आहे की चोक नेमका सेट कसा करायचा.

भाऊ, तुमच्या गाडीचा चोक बहुधा ठीक आहे. तुम्ही त्याला कुबडीसारखं वापरताय आणि पाय दुसरीकडेच मोडलाय. गरम इंजिन चोकशिवाय स्लोवर (पॅडल न दाबता, मंद फिरत) टिकत नसेल तर त्याचा अर्थ एवढाच, की स्लोच्या वाटेने पुरेसं पेट्रोल येत नाही किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे. चोक ओढला की वरून जास्तीचं पेट्रोल मिळतं आणि उणीव झाकली जाते. वायर कितीही टाईट केली तरी ती उणीव जाणार नाही.

आधी बॉनेट उघडून कार्ब कोणता आहे ते बघा. या गाड्यांवर आणि अ‍ॅम्बेसेडरवरही बहुतेक सोलेक्सचा एका नरड्याचा कार्ब असतो. पण मधल्या पन्नासेक वर्षांत कोणी काय बसवलं असेल सांगता येत नाही. एअर क्लीनर काढून वरून नरड्यात पाहा आणि कोणाला तरी नॉब ओढायला सांगा. नरड्यावर पत्र्याची गोल झडप येऊन बसली तर तो झडपेचा चोक. नरड्यात काहीच हललं नाही, फक्त कार्बच्या कडेला एक छोटी दांडी फिरली, तर तो सोलेक्सचा मूळ स्टार्टर. आपण सगळेच त्याला चोक म्हणतो, पण तो हवा कोंडत नाही. कार्बच्या अंगाला लावलेला तो एक छोटा वेगळा कार्बच आहे. त्याला स्वतःचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक), स्वतःचं हवेचं भोक आणि आत भोकं पाडलेली एक चकती असते. दांडी फिरली की चकतीची भोकं वाटेसमोर येतात आणि घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, मिश्रण थ्रॉटलच्या (एक्सलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) खालच्या बाजूला सोडलं जातं.

हे समजलं की अर्धी भांडणं मिटतात. त्या स्टार्टरला पेट्रोल ओढून घ्यायला इंजिनाची ओढ लागते आणि ती ओढ थ्रॉटल बंद असतानाच तिथे जोरात पोचते. म्हणून मूळ सोलेक्सची थंड गाडी सुरू करताना एक्सलरेटरवर पाय ठेवायचा नाही. नॉब पूर्ण ओढा, क्लच दाबा, पाय बाजूला ठेवा, मग सेल्फ मारा. बरेच जण सवयीने चार-पाच वेळा पॅडल पंप करतात, मग अर्धवट दाबून धरतात आणि गाडी पकडत नाही म्हणून चोक बिघडला असं ठरवतात. थ्रॉटल उघडला की स्टार्टरची ओढ गेली, आणि अ‍ॅक्सिलरेशन पंपाने मात्र कच्चं पेट्रोल आत फेकलं, प्लग भिजले. सेल्फही एका दमात पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये थोडं थांबा, बॅटरीला श्वास घेऊ द्या.

आता तुमच्या बिघाडाकडे. इंजिन पूर्ण तापवा. डॅशबोर्डचा नॉब आत ढकला आणि मग बॉनेटखाली स्टार्टरची दांडी बोटाने बंदच्या दिशेला रेटून पाहा. दांडी आणखी थोडी सरकली आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर वायर चोकला पूर्ण बंद होऊ देत नव्हती. मिस्त्रीने 'टाईट' केल्यावर हे हमखास होतं, कारण वायरला जरासुद्धा ढील उरत नाही. मग गाडी दिवसभर थोड्या चोकवर चालते, प्लग काळे पडतात, कोणीतरी मिक्श्चरचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी करतो, आणि तुमच्यासारखी अवस्था होते: चोकशिवाय स्लो नाही, चोकसकट काळा धूर. दांडी हलली नाही, आवाजही बदलला नाही, तर चोक निर्दोष आहे असं धरून पुढे चला.

पुढे म्हणजे कार्बकडे लगेच नव्हे. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि प्लग आधी. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर लुकासचा असेल तर पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजने मोजून. पॉइंट जळून त्यांवर टेकाड-खड्डा झाला असेल तर घासत बसू नका, बदला. प्लगची फट सहा दशांश मिलिमीटरच्या आसपास. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, टायमिंग (ठिणगीची वेळ) बघा. इग्निशन दुबळं असलं की थंड इंजिनाला जास्त पेट्रोलची भूक लागल्यासारखी वाटते आणि सगळा आळ कार्बवर जातो. माझ्याकडे 'कार्बचं काम' म्हणून येणाऱ्या गाड्यांत कितीतरी पॉइंटच्या निघतात.

ते झालं की पायलट जेट. स्लोचं पेट्रोल त्यातूनच येतं आणि त्याचं भोक इतकं बारीक असतं की टाकीतल्या गंजाचा एक कण पुरतो. जेट काढा, उजेडासमोर धरा, हवेने फुंका. त्यात तार किंवा सुई घालू नका. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास शंभरांश मिलिमीटरमध्ये. १२० लिहिलं असेल तर १.२० मिलिमीटर. तारेने एक-दोन शंभरांशही खरवडलं तर जेटचा नंबरच बदलला. जेट पुन्हा बसवताना खालचा मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन टेकवा, आवळू नका, नाहीतर त्याच्या टोकावर खाच पडते. तिथून दीड वळण बाहेर काढा. ही सुरुवातीची जागा झाली. अंतिम सेटिंग इंजिन गरम असताना, चोक पूर्ण बंद ठेवून: स्क्रू बाहेर काढत जा, इंजिन सगळ्यात सुरळीत वाजेल तिथे थांबा, मग थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो खाली आणा, पुन्हा मिक्श्चर थोडं बघा. दोन स्क्रू आळीपाळीने, घाई न करता.

जेट साफ केल्यावर मिक्श्चर स्क्रूला इंजिन दादच देत नसेल, तर फुकटची हवा शोधा. या वयाच्या सोलेक्सचा खरा आजार मला विचाराल तर थ्रॉटलची दांडी. ती पितळेच्या बुशमध्ये किंवा कार्बच्या अंगातल्याच भोकात वर्षानुवर्षं फिरून ढिली होते. दांडीचं टोक बोटांत धरून वर-खाली हलवा. टकटक जाणवली तर तिथून हवा जाते आहे. चांगला लेथवाला भोक मोठं करून बुश बसवून देतो, आणि नव्या कार्बपेक्षा हे काम टिकतं. दुसरी जागा म्हणजे कार्बच्या पायाची फ्लँज, म्हणजे इंजिनाला बसणारी सपाट कडा. दोन नट जोर लावून आवळले की ती कमानीसारखी वाकते आणि मधून हवा ओढते. कार्ब काढून फ्लँजवर सरळ पट्टी धरा, खालून उजेड दिसला की वाकली. काचेवर पाण्याचा पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) ठेवून ती घासून सपाट करता येते. गॅसकेट नवं टाका, पण लालकाळं सीलंट चोपडू नका. ते पिळून आत जातं आणि एखादी वाट बुजवतं.

गळती शोधायला काही मिस्त्री चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. ते करू नका. स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या, गॅसकेटच्या कडेने बारीक फवारा मारा, डिस्ट्रिब्युटर वाचवून. आवाज बदलला की जागा सापडली. इंजिन दम घेत असताना कार्बच्या तोंडावर तळहात धरून चोक करायची जुनी युक्तीही सोडून द्या. कार्बमधून एक उलटा भडका आला तर हात भाजतो. कार्बवर काम करताना बॅटरीची एक तार काढलेली, आणि हाताशी आग विझवायचं सिलिंडर. बंद गॅरेजमध्ये चोकवर इंजिन चालू ठेवून पाहत बसणं तर जिवावरचं, कारण घट्ट मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो.

एवढं करून गरम इंजिन चोकशिवाय शांत स्लोवर उभं राहिलं, की मग चोकला हात लावा. आता काम दहा मिनिटांचं आहे. स्टार्टरच्या दांडीवरचा स्क्रू सोडा, म्हणजे आतली तार मोकळी होईल. दांडी बंदच्या बाजूला पूर्ण टेकवा. डॅशबोर्डचा नॉब पूर्ण आत ढकला आणि दोन-तीन मिलिमीटर परत बाहेर घ्या. या जागेवर तार आवळा. नॉबची ती दोन-तीन मिलिमीटरची मोकळी चाल हीच तुमची खात्री, की नॉब आत गेला म्हणजे चोक खरोखर बंद झाला. आता नॉब पूर्ण ओढून दांडी दुसऱ्या टोकापर्यंत पोचते का पाहा. पोचत नसेल तर बाहेरच्या नळीचा क्लिप सरकलेला असतो. नळी मागेपुढे करून पुन्हा बांधा. मूळ स्टार्टरला साधारण मधल्या चालीत एक टप्पा असतो, तिथे थोडं कमी घट्ट मिश्रण मिळतं. पूर्ण ओढलेला फक्त इंजिन पकडेपर्यंत, मधला टप्पा गाडी तापेपर्यंत.

तार जड चालत असेल तर ती काढून पुसा आणि पातळ तेलाचे थेंब सोडा. ग्रीस भरू नका. आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ ग्रीसला चिकटते आणि पुढच्या थंडीत वायर घट्ट होऊन नॉब अर्ध्यातच अडकतो. नळी कुठे तीव्र वळलेली नसावी, एक्झॉस्टला टेकलेली तर मुळीच नसावी.

वायर बरोबर, दांडी पूर्ण बंद, तरी काळा धूर येत असेल, तर स्टार्टरची चकती झिजली असू शकते. स्क्रू काढून स्टार्टर वेगळा करा. आतली स्प्रिंग उडणार नाही याची काळजी घ्या. चकतीचं तोंड आणि ती ज्यावर बसते तो भाग, दोन्हींवर ओरखडे दिसतील. काचेवर बारीक नंबरचा पाण्याचा पेपर, त्यावर आठाच्या आकड्यात हलके हात. चकतीवरची खूण आणि दांडीची दिशा आधी फोटो काढून ठेवा, उलटी बसली तर चोक नेहमीच चालू राहील. काळ्या धुराचं याहून सोपं कारणही आधी पाहून घ्या: फ्लोट, म्हणजे कार्बच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा. पेट्रोल अडवणारी सुई झिजली किंवा फ्लोटला भोक पडलं की पेट्रोलची पातळी चढते. सोलेक्समध्ये सुईच्या व्हॉल्व्हखालची वॉशर पातळी ठरवते. ती हरवून किंवा दोन टाकून कोणी बसवलं असेल तर सगळं गणित बिघडतं.

नव्या कार्बचं काय? मी टाकणार नाही. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला व्हीए अक्षरांची वेगळी मालिका मिळते. तुमची फियाट वयाने बसते. मूळ सोलेक्स काढून भंगारात देण्याची ही वेळ नव्हे. बुश बसवून, नवी सुई आणि गॅसकेट टाकून तो पुढची कित्येक वर्षं चालेल.

आता पेट्रोल. डिसेंबरपासूनच त्रास का वाढला, याचं अर्धं उत्तर थंडीत आहे आणि अर्धं टाकीत. नागपूरची थंडी लोकांना खोटी वाटते, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा सकाळी पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते मॅनिफोल्डच्या (कार्बपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) भिंतींवर ओलसर बसून राहतं आणि सिलिंडरपर्यंत पातळ मिश्रण पोचतं. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पटच. म्हणजे जुन्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तर मिश्रण काही टक्क्यांनी पातळ पडतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, थंड इंजिनाला ते आणखी जड. इथेनॉलचे सगळ्यात खंदे पुरस्कर्ते आपल्याच शहराचे खासदार नितीन गडकरी आहेत, तेव्हा नागपूरकराने तरी हे गणित पाठ करून ठेवावं. उपाय चोक ओढून ठेवणं नव्हे. प्लगचा रंग फारच पांढरट येत असेल आणि उघड्या रस्त्यावर इंजिन धक्के देत असेल, तर मेन जेट (चालत्या गाडीला पेट्रोल देणारा) एक नंबर मोठा करून पाहा. जुने रबरी होज मात्र बदलाच. इथेनॉलने ते मऊ पडतात, त्यांचे कण सुटतात आणि तेच पायलट जेटमध्ये जाऊन अडकतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पाणी धरतं, हेही ध्यानात असू द्या.

अर्धा चोक ओढून तुम्ही दोन-तीन महिने चालवली आहे, तर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, पातळी वाढल्यासारखी दिसत असेल, तर ते आधी बदला. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात. कार्बपेक्षा हे नुकसान महाग.

कार्ब झडपेचा निघाला तर गोष्ट सोपी. नॉब आत असताना झडप अगदी उभी, ओढल्यावर पूर्ण बंद. तारेला तीच दोन-तीन मिलिमीटरची ढील. या झडपेची दांडी मध्यापासून जरा बाजूला असते, म्हणून इंजिन पकडताच हवेच्या जोराने ती थोडी उघडते. ती अडखळत असेल तर साफ करा. झडपेचे बारीक स्क्रू गरज नसताना सोडू नका. त्यांची टोकं मुद्दाम ठोकून पसरवलेली असतात, आणि सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो. झडपेच्या प्रकारात गरम इंजिनावर एक छान परीक्षा करता येते. स्लोवर चालू असताना चोक हळूहळू ओढा. इंजिन लगेच जड होऊन धूर सोडायला लागलं तर मिश्रण पुरेसं आहे. उलट ते खुलून जोरात फिरू लागलं तर मिश्रण पातळ किंवा हवेची गळती. मूळ सोलेक्सवर ही परीक्षा फसवते, कारण तिथे चोक पेट्रोलाबरोबर हवाही आत सोडतो आणि आवाज तसाही चढतो.

कोणाकडे एसयू या वेगळ्या बनावटीच्या कार्बची मॉरिस असेल तर तिथे चोक म्हणजे जेट खाली सरकवणं. नॉबची पहिली चाल फक्त थ्रॉटल थोडा उघडते, जेट त्यानंतर उतरतो. हा क्रम बिघडू देऊ नका. आणि आपोआप चालणारा चोक असलेल्या जुन्या अमेरिकन गाडीत सोलेक्सच्या उलट, सुरू करण्यापूर्वी पॅडल एकदा पूर्ण दाबून सोडावं लागतं, तेव्हाच झडप आपल्या जागी बसते.

सेटिंग झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर तपासा. रात्रभर उभी असलेली गाडी पूर्ण चोकवर पकडली पाहिजे, काही सेकंदांत मधल्या टप्प्यावर आणता आली पाहिजे, आणि थंडीतही घरापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर नॉब पूर्ण आत गेला पाहिजे. मग ती सेमिनरी हिल्सच्या चढावर घाला. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये न अडखळता ओढली आणि वर पोचून स्लोवर शांत राहिली, की झालं.

मार्चनंतर मात्र वेगळीच तक्रार घेऊन याल, म्हणून आताच सांगतो. ४५ अंशांत बर्डीवर (सीताबर्डीला) अर्धा तास गाडी लावली आणि परत आल्यावर सुरू होत नाही, तर चोकला हातही लावू नका. इंजिनाच्या उष्णतेने फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं, मिश्रण आधीच घट्ट आहे. एक्सलरेटर हळूच तळापर्यंत दाबा, तसाच दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाच्या अंगाला ओलं फडकं गुंडाळणं ही जुन्या मिस्त्रींची युक्ती अजूनही चालते. आणि मे महिन्यात आठवडाभर उभी राहिलेली गाडी पहिल्या सेल्फला पकडली नाही, तर तेही चोकमुळे नव्हे. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. इंजिनावरच्या अनेक जुन्या पेट्रोल पंपांना खाली हाताने दाबायची एक छोटी दांडी असते. ती जड लागेपर्यंत दाबत राहा. दाबताना ती मोकळीच हलली तर इंजिन हाताने जरा फिरवून घ्या, कॅम पंपावर चढलेला असतो. वाटी भरली की मग सेल्फ मारा, बॅटरी वाचेल.